एकट्या नराचं गोत

शुक्रवार

हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये कुर्डुवाडीपर्यंत पाय ठेवायला जागा नसते आणि पुढे डबा एकदम मोकळा होतो. कुर्डुवाडी गेली तशी मी पाय पसरले आणि सरांनी वाचून यायला सांगितलेली छापील पानं काढली. ज्यांच्यामुळे या गाडीला हे नाव मिळालं ते मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फासावर गेले. माझ्या मांडीवरची पानंही 1931 चीच होती. ब्रिटिश अमदानीत भारतातल्या प्राण्यांवर एक मोठी ग्रंथमाला निघाली, तिचा शेणकिड्यांवरचा खंड लंडनच्या संग्रहालयातले गिल्बर्ट ॲरो यांनी त्या वर्षी लिहिला. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण आपल्याकडचा शेणकिडा ओळखायचा तर आजही सुरुवात त्याच खंडापासून करावी लागते, हे सोलापूरच्या गाडीत बसून वाचताना जरा टोचतंच.

सर सोलापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. मी किड्यांचे फोटो काढतो, एवढंच माझं भांडवल. घरी पोचलो तेव्हा वहिनींनी आधीच बजावून ठेवलं होतं, "जेवण झाल्याशिवाय ती पेटी उघडायची नाही." पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास घरभर होतो. त्यामुळे आधी कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, आणि मग पेटी.

आत थर्माकोलवर ओळीनं भुंगेरे. मोठ्यांना टाचणी टोचलेली. ती नेहमी उजव्या पंखझाकणातून जाते, म्हणजे मधली रेघ आणि डावी बाजू शाबूत राहते. लहानांना टाचणी सोसत नाही. त्यांना पुठ्ठ्याच्या बारीक त्रिकोणाच्या टोकाला डिंकानं चिकटवतात. कोपऱ्यात अशाच एका त्रिकोणावर, बाकीच्यांपासून वेगळा, तो होता.

सात मिलिमीटरसुद्धा भरला नसता. काळा, पण भिंगाखाली धरून जरा कलता केला की पाठीवर तांब्याची झाक येई. डोक्याच्या मागच्या कडेवर दोन शिंगं, बुडाशी रुंद आणि टोकाला आत वळलेली. तोंडापुढची ढाल मधोमध किंचित खाचलेली. पाठीच्या ढालीवर बारीक खळगे आणि प्रत्येक खळग्यातून निघालेला एक आखूड पिवळट केस. स्पर्शिकेच्या टोकाला तीन पानांची घडी, मिटलेली. ही पानांची घडी साऱ्या घराण्याचीच खूण. जगात या घराण्याच्या तीस हजारांवर जाती नोंदलेल्या आहेत. इजिप्तच्या लोकांनी देव मानलेला किडा यातलाच, नारळाचा शेंडा पोखरणारा गेंडाभुंगा यातलाच, आणि ऊसवाल्याची झोप उडवणारी हुमणीही यातलीच. पेटीतला हा बुटका ऑन्थोफॅगस या कुळीतला. या एकाच कुळीत दोन हजारांहून जास्त जाती आहेत, आणि सरांचं दुखणं तेच होतं.

नान्नजच्या बाजूला शेणाच्या एका पोहाखाली सरांना हा मागे सापडला होता. ॲरोच्या खंडातल्या एकाही वर्णनात तो बसेना. नंतरच्या लेखांतही नाही.

"मग नवीन जात म्हणून लिहून टाका की," मी म्हणालो.

"टाकता येते. एकाच नमुन्यावरून जात लिहायला नियमाची आडकाठी नाही. पण उद्या कुणीतरी म्हणेल, हा तर आमक्या जातीचा भरपूर जेवलेला नर."

ते विनोद करत नव्हते. ऑन्थोफॅगसच्या बऱ्याच जातींत शिंगं किती वाढणार हे अळीपणी किती शेण वाट्याला आलं यावर ठरतं. आई जमिनीखाली बोगद्यात शेणाची गोळी भरते, तिच्यात एक अंडं घालते, आणि अळीला जन्मभर तेवढीच शिदोरी. गोळी मोठी असेल तर नर शिंगाळा होतो. लहान असेल तर तोच नर बोडका निघतो, इतका बोडका की मादीच वाटावा. शिंगाळे बोगद्याच्या तोंडाशी झुंजत बसतात आणि बोडके बाजूनं घुसून आपलं काम उरकतात. जुन्या लोकांनी अशा शिंगाळ्याला एक नाव दिलं, बोडक्याला दुसरं आणि मादीला तिसरं, आणि पुढे तिन्ही नावं एकाच जातीची ठरली, असं या कुळीत घडलेलं आहे. म्हणून सरांना या एकट्या नराचं सगळं गोत हवं होतं. बोडके भाऊ हवे होते, मादी हवी होती, जमल्यास भरलेली गोळीही.

शनिवार

सोलापूर-बार्शी रस्त्यानं नान्नज वीस-बावीस किलोमीटर. पूर्वा नक्षत्राचा पाऊस होऊन गेला होता. या भागाला वर्षाला मिळून साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. रस्त्याच्या कडेला उडीद काढून झालेली रानं, मधे द्राक्षाचे मांडव, आणि मग एकदम काहीच नाही असं वाटायला लावणारा माळ. उतरून चालायला लागलं की त्या 'काहीच नाही'मधून पायाखाली मारवेल येतो, पवन्या येतो, पायजम्याला कुसळं चिकटतात. तरवड पिवळाधमक फुललेला. चंडोल हवेत एका जागी थांबून गात होता.

माळढोक अभयारण्य 1979 साली झालं. तेव्हा त्याचं क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होतं, म्हणजे त्यात गावंच्या गावं आली, शेतं आली, रस्ते आले. पुढे ते कापून बाराशे-सव्वाबाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. माळढोक आता दिसला तर नशीब. काळवीट मात्र रस्त्यावरूनही दिसतात.

हद्दीच्या आत मुंगीसुद्धा उचलायची तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. सरांचा अर्ज गेलेला आहे. तोवर काम हद्दीबाहेर, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या माळावर. सातबाऱ्यावर ही जमीन पोटखराबा. शेतकऱ्यानं आमचा पसारा बघून पहिला प्रश्न टाकला, "हुमणीवर औषध काढताय का?" सरांनी सांगितलं की हुमणी या किड्याची चुलत बहीण, पण हा मुळं खात नाही, शेण खातो. त्याचा चेहरा पडला. हुमणीवर कुणी काही काढत असेल तर त्याला जास्त गरज होती, आणि त्याचं चुकत नव्हतं.

सरांबरोबर त्यांची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी आली होती, सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी. घरात यंत्रमाग. तिच्या गळ्यात दोरीला एक घडीचं पितळी भिंग लटकत होतं, कापडाची वीण मोजायचं, वडिलांचं. शेणकिड्यांसाठी याहून सोयीचं भिंग मी बघितलेलं नाही. घडी उघडून पृष्ठभागावर ठेवलं की अंतर आपोआप बरोबर येतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

सापळा साधा असतो. प्लॅस्टिकचा पेला काठापर्यंत जमिनीत पुरायचा, काठ आणि माती यांत फट ठेवायची नाही. वर काडीला टांगून फडक्यात बांधलेलं लिंबाएवढं ताजं शेण. पावसासाठी वर पत्रावळ. वासानं किडा येतो आणि पेल्यात पडतो. यात कलाकुसर एवढीच की कुणाचं शेण हे ठरवायचं. गाईचं, म्हशीचं, मेंढीच्या लेंड्या, सगळ्यांचे पाहुणे वेगळे. पहिला नर गाईच्या पोहाखाली मिळाला होता, पण सरांना मेंढ्यांचाही संशय होता. त्यासाठी मेंढपाळ गाठायचा होता.

ते मामा हिवराच्या झाडाखाली बसलेले. घोंगडी खांद्यावर, दोन कुत्री, समोर मेंढरं.

"काय हुडकताय?"

"लेंड्यांतले किडे, मामा."

मामांनी आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं. पोरगी शिकलेली दिसते, हा चष्मेवाला वयस्कर आहे, कॅमेरावाल्याचं सांगता येत नाही, असा काहीतरी हिशेब झाला असावा. "सरकार पैसं देतंय व्हय याला?"

"नाही, पदरचेच."

"मग हुडका."

सरांनी त्यांना विचारलेला प्रश्न मला आधी गैरलागू वाटला होता. मेंढरांना जंताचं औषध कधी दिलं? मामा म्हणाले, पावसाच्या तोंडाला, टोचून घेतलं. नंतर सरांनी उलगडून सांगितलं. आयव्हरमेक्टिनसारखं जंतनाशक जनावराच्या अंगातून शेणावाटे बाहेर पडतं आणि त्या शेणातल्या अळ्यांनाही मारतं. नुकतं औषध दिलेल्या जनावराचं शेण सापळ्यात टांगून 'इथं काही नाही' असा निष्कर्ष काढला तर सगळंच मुसळ केरात. मामांचं औषध बरंच मागचं होतं, म्हणून लेंड्या पास झाल्या.

दुपारभर पोह उलटे केले. खुरप्यानं कड उचलायची, खालची माती बघायची. ताज्या मातीचा छोटा ढिगारा दिसला की खाली बोगदा. संशयित पोह उचलून बादलीतल्या पाण्यात बुडवायचा, दोन-चार मिनिटांत भुंगेरे धडपडत वर तरंगतात. घाण वाटते का, असं मला नंतर पुण्यात विचारलं गेलं. पहिल्या बादलीला वाटते. नंतर नजर पाण्यावर खिळते आणि नाक बंद पडतं.

रविवार

रात्रीतून झिमझिम झाली होती. पेले उचलायला आम्ही उजाडताच माळावर. गाईच्या शेणाचे पेले गच्च, म्हशीचे बरे, मेंढीचे मोजकेच. माझ्यासारख्याला वाटतं, एवढे सापडले म्हणजे काम फत्ते. सर मात्र चाळणीत ओतलेल्या त्या काळ्या वळवळीतून चिमट्यानं एकेक बाजूला करत होते आणि तोंडानं चालू होतं, "नेहमीचा, नेहमीचा, नेहमीचा, हा कॅथार्सियस, नेहमीचा." कॅथार्सियस मोलोसस हा अंगठ्याच्या पेराएवढा काळा धटिंगण. लिनियसनं 1758 साली प्राण्यांना दोन शब्दांची नावं द्यायची रीत ज्या ग्रंथात घालून दिली त्यातच याचं नाव आहे. म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांइतकाच हा जुना. हवे ते सोडून बाकीचे त्यांनी तिथल्या तिथे शेणावर परत सोडले. कॅथार्सियस पोहात शिरला आणि पोह वरून हलायला लागला.

उन्हं वर आल्यावर गोळीवाले आले. शेणकिड्यांचे तीन स्वभाव : काही शेणातच राहतात, काही शेणाखाली बोगदा काढून माल खाली ओढतात, काही गोळी वळून लांब नेतात. आमचा नर बोगदेवाला, म्हणून गोळीवाल्यांकडे बघायला सरांना वेळ नव्हता. मी मात्र पालथा पडून एका जिम्नोप्लुरसचे फोटो घेतले. पुढच्या पायांनी शेण थोपटत, गोळी फिरवत, दाबत. मग डोकं खाली, मागचे पाय गोळीवर, आणि उलटा चालत सुटला. वाटेत दगड आला. गोळी चढेना. त्यानं गोळी सोडली, दगडाला वळसा मारून बघून आला, परत गोळी धरली आणि पुन्हा त्याच दगडावर गेला. त्याचं म्हणणं सरळच जायचं. यात हट्ट नाही, व्यवहार आहे. पोहाजवळ चोर फार, आणि तिथून लवकरात लवकर लांब जायचं तर सरळ रेघेसारखा मार्ग नाही. ही रेघ ते आकाशावरून धरतात. आफ्रिकेतली रात्रीची एक जात आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरते, हे 2013 साली प्रयोगानं दाखवलं गेलं. त्यासाठी किड्यांना चिमुकल्या टोप्या घालून आकाश झाकून बघितलं होतं. त्या संशोधनाला गमतीचं इग्नोबेलही मिळालं. काम मात्र पक्कं होतं.

संध्याकाळी मामा मेंढरं वळवून जाताना आमच्या चाळणीपाशी थांबले. विद्यार्थिनीनं पितळी भिंग एका शिंगाळ्यावर ठेवून त्यांना दाखवलं. हा नेहमीच्या जातीतला होता, पण शिंगं झकास. मामा बराच वेळ वाकून राहिले. "आरं, बोकडच की ह्यो," म्हणाले. मग रागावल्यासारखे, "जन्म गेला हितं, कधी बघितला न्हाई." सरांनी त्यांना आपला नंबर दिला.

रात्री पांढरा पडदा आणि दिवा लावला. वाळवीचे पंखवाले आले, नाकतोडे आले, हिरवे ढेकूण आले, आम्हाला हवं असलेलं काही आलं नाही.

सोमवार

नवीन जात माळावर सापडते हा माझा समज या दिवशी टेबलापाशी गळून पडला. माळावर फक्त किडे सापडतात. त्यातला नवा कोणता, हे सगळ्या जुन्यांशी ताडून 'हा नव्हे, हाही नव्हे' करत करत ठरवावं लागतं आणि त्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेतला पंखा, ट्यूबलाइट आणि दुखरी मान लागते.

वेगळे काढलेले भुंगेरे कोमट पाण्यात मऊ केले. नरांच्या बाबतीत खरा पुरावा बाहेर दिसतच नाही. पोटाच्या टोकाशी आत जननेंद्रियाचं एक कठीण, तपकिरी नळकांडं असतं, त्याच्या टोकाला दोन चिमटे. अगदी सख्ख्या वाटणाऱ्या दोन जातींतही या चिमट्यांचा आकार बहुधा वेगळा निघतो. शिंगं खाण्यावर हलतात, हे सहसा हलत नाहीत. सरांनी आकडीच्या सुईनं पोटाची शेवटची पट्टी उचलली, आत सुई घालून अलगद ओढलं, आणि तांदळाच्या कणीहून लहान ते नळकांडं बाहेर आलं. हात साठीला टेकलेल्या माणसाचा, पण त्या क्षणी कंप नव्हता. ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली. पेटीतल्या नराचं याआधीच काढून कुपीत ठेवलेलं होतं. दोन्ही शेजारी.

पहिले तीन नेहमीच्या जातीचे निघाले. चौथा बोडका होता, सहा मिलिमीटरचा, शिंगांच्या जागी नुसत्या दोन गाठी. विद्यार्थिनीनंच तो बाजूला काढला होता आणि सरांनी रविवारी तो मादी म्हणून मोडीत काढला होता. त्याचे चिमटे बघून सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खुर्ची सरकवून तिला म्हणाले, "तू बघ." टोकाला आत वळलेला तोच आकडा, बाहेरच्या कडेला तीच खाच.

"तू याला का ठेवलास?" मी तिला विचारलं.

ती म्हणाली, खळग्यांमुळे. पाठीच्या ढालीवरचे खळगे मध्यरेषेकडे विरळ होत जातात आणि कडेला दाटतात. नेहमीच्या जातीत ते सगळीकडे सारखे. "वीण वेगळी आहे, सर." कारखान्यात तागा हातात घेतल्याबरोबर कळतं तसं तिला कळलं होतं, आणि मग तिनं भिंग ठेवून ते मोजूनही बघितलं होतं.

त्याच खळग्यांच्या आधारावर एक मादीही निघाली. मादीबाबत चिमट्यांचा पुरावा नाही, म्हणून तिच्या नावापुढे सध्या प्रश्नचिन्ह. तिघांचेही एकेक पाय शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवले. डीएनएतल्या एका ठरावीक जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचून ते एकमेकांचे कोण लागतात ते बघता येईल.

एवढं झाल्यावर मला वाटलं पेढे आणावेत. सरांनी लॅपटॉपवर एक पान उघडलं. एकोणिसाव्या शतकातलं, लॅटिनमधलं, चार ओळींचं वर्णन. काळा, तांबूस झाकेचा, नराला दोन शिंगं, ठिकाण नुसतं 'भारत'. चिमट्यांचा उल्लेख नाही, तेव्हा ते बघायची पद्धतच नव्हती. या चार ओळींत आमचा नर बसतो. सोलापूर जिल्ह्यातल्या इतर चार जातींचे नरही बसतील. खरं काय ते त्या जुन्या लेखकानं समोर ठेवलेला मूळ नमुनाच सांगणार, आणि तो युरोपातल्या एका संग्रहालयाच्या खणात आहे. तिथे फोटोसाठी विनंती गेलेली आहे. आपल्या माळावरच्या किड्याचं नाव ठरवायला आपण परदेशातल्या खणाकडे डोळे लावून बसतो याचा मला राग आला. सरांना तो येऊन गेलेला असावा. ते म्हणाले, "निदान आता तरी आपले नमुने इथेच राहतात." जात नवी ठरली तर ज्या एका नरावर तिचं नाव उभं राहील तो लाल चिठ्ठी लावून भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्रात, आकुर्डीला जाईल. कुणालाही तो तिथे जाऊन ताडून बघता येईल.

नावावरून संध्याकाळी चहाबरोबर वाद झाला. गावाचं नाव द्यायचं तर शेवटी लॅटिनचा 'एन्सिस' लावतात. मी सोलापूरच्या बाजूनं. विद्यार्थिनी म्हणाली, सोलापूर शहरात हा राहतच नाही, माळावर राहतो, त्याला माळाचं नाव द्या. मी सरांना गमतीनं म्हणालो, तुमचंच द्या. स्वतःचं नाव स्वतः द्यायला नियमात बंदी नाही, पण ते लग्नात स्वतःच स्वतःला आहेर करण्यातलं, असं सरांचं मत. त्यांच्या मनात काहीतरी आहे, पण छापून येईपर्यंत नाव तोंडातून काढायचं नसतं. छापण्याआधी फुटलं तर घोळ होतात.

उरलेला वेळ वर्णनाच्या मसुद्यात गेला. पाठ 'काळी, तांबूस झाकेची' की 'तांबूस काळी' यावर गुरुशिष्येचं अर्धा तास जुंपलं होतं. ओला नमुना आणि वाळलेला नमुना यांची झाक वेगळी दिसते, हे लक्षात आल्यावर दोघंही गप्प झाले आणि वाळेपर्यंत ते वाक्य कोरं ठेवायचं ठरलं. मी चिठ्ठ्या लिहिल्या. नखाएवढ्या कागदावर गाव, तालुका, अक्षांश, रेखांश, तारीख, कशाच्या शेणातून, कुणी गोळा केला. सर म्हणतात, चिठ्ठी हरवलेला किडा फेकून द्यावा, तो कितीही दुर्मीळ असो.

मंगळवार

परतीची हुतात्मा पहाटेची. सर स्टेशनवर सोडायला आले होते. गाडी हलायच्या आत त्यांचा फोन वाजला. मामा होते. आवाज एवढा मोठा की फलाटावर मलाही ऐकू येत होता. बोकडासारखा शिंगवाला किडा घावलाय, पन ह्याची शिंगं आत वळल्यात, तंबाखूच्या डबीत घातलाय, आता त्याला खायला काय घालू?

सर ओरडून सांगत होते, डबी आधी धुवा, तंबाखूनं मरेल तो, झाकणाला भोकं पाडा, ओली माती घाला, आणि ज्या जागेवर घावला तिथलंच शेण घाला, दुसरं नको, आणि जागेवर काठी रोवून ठेवा. मामांचं पलीकडून चाललं होतं, काठी कवाच रोवली.

गाडी सुटली. सरांना मी हात केला, पण ते गाडीच्या चावीसाठी खिसे चाचपत जिन्याकडे निघालेले होते.